परसातल्या तळ्यासाठी गोल्डफिश आणि पाणवनस्पती: पुण्यातील एका दुकानाचा दोन पावसाळ्यांचा अनुभव

साताऱ्यातील आमच्या घरामागे, पेरूच्या झाडापलीकडच्या मोकळ्या जागेत, गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही 7 फूट लांब, 5 फूट रुंद आणि 2 फूट खोल असे लहानसे तळे खोदून घेतले. हिशेबाने त्यात जवळजवळ 2,000 लिटर पाणी मावायला हवे, परंतु कुंड्या ठेवण्यासाठी कडेने पायरी सोडल्यामुळे प्रत्यक्षात 1,600 लिटरच्या आसपास मावते. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो, आणि मासे सोडण्यापूर्वी असा हौद पुन्हापुन्हा भरून रिकामा करावा लागतो. म्हणून गिलाव्याच्या भानगडीत न पडता शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा कागद अंथरला. मासे आणि वनस्पती मात्र पुण्यातील एका दुकानातून आणल्या. त्या दुकानाविषयी बरेच चांगले आणि काही वाईट सांगायचे असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. अशा कोणत्याही दुकानात काय पाहावे, हे यातून कळले तरी पुरे.

पहिल्या भेटीत मला सर्वांत अधिक आवडले ते हे की, त्यांनी मला मासे विकले नाहीत. काचेच्या टाक्यांपाशी काम करणाऱ्या तरुणाने किती मासे हवेत हे विचारण्याआधी, "ताई, पाणी भरून किती दिवस झाले?" असे विचारले. चार दिवस, असे सांगताच त्याने मान हलवली आणि तीन आठवड्यांनी यायला सांगितले. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी असतात, तिसरा बराच निरुपद्रवी असून वनस्पती त्यावर वाढतात. हे जिवाणू नव्या पाण्यात आयते नसतात. दगड, कुंड्या आणि गाळणीतील स्पंज यांवर त्यांचा थर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नवीन तळ्यात एकदम वीस मासे सोडून आठवड्याभरात ते उलटे तरंगताना पाहणाऱ्यांना 'पाणी लागले नाही' असे वाटते, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते. त्या तरुणाने हे सर्व शास्त्र सांगितले नाही. त्याने जुन्या टाकीतील स्पंजचा एक मळकट तुकडा पिशवीत घालून दिला, तो आमच्या पंपापाशी ठेवायला सांगितला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन हा जिवाणूंचा थरही मारतो, त्यामुळे नवे पाणी दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून किंवा हायपोचे खडे टाकूनच तळ्यात सोडावे, ही त्याची सूचनाही रास्त होती.

दुसऱ्या भेटीत, फेब्रुवारीच्या शेवटी, मी सहा मासे घेतले: चार कॉमेट आणि दोन शुबुंकिन (दोन्ही गोल्डफिशचेच प्रकार), प्रत्येकी साधारण दोन इंच लांबीचे. कॉमेट 50 रुपयांना एक आणि शुबुंकिन 90 रुपयांना एक पडला. उघड्या तळ्यासाठी हीच निवड योग्य आहे. गोल्डफिश हा मूळचा चीनमधील कार्पकुळातला मासा. सुमारे हजार वर्षांच्या निवडक पैदाशीतून त्याचे शेकडो प्रकार झाले, पण त्यांतील कित्येक प्रकार माणसाच्या नजरेसाठी घडवलेले आहेत, पोहण्यासाठी नव्हेत. डोक्यावर मांसल टोपी असलेला ओरांडा, पाठीवर पर नसलेला रांचू, बटबटीत डोळ्यांचा काळा मूर हे घरातल्या काचेच्या टाकीत शोभतात. परसात त्यांना अन्नापाशी वेळेवर पोहोचता येत नाही आणि पक्ष्यापासून पळता येत नाही. दुकानाच्या दर्शनी भागात मात्र हेच महागडे प्रकार मांडलेले होते आणि गल्ल्यावरच्या मालकांनी मला ओरांडाची जोडी घेण्याचा बराच आग्रह केला. तेथेच काउंटरवर, दोन लिटरच्या गोल काचपात्रात, एक गोल्डफिश 'वास्तूसाठी' म्हणून विकायला ठेवलेला होता. कॉमेट मोठा होऊन फूटभर लांब होऊ शकतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. त्याच कुळातल्या माशाला तांब्याएवढ्या पाण्यात ठेवून विकणाऱ्या दुकानाबद्दल मनात थोडी अढी राहिली, ती अजून गेलेली नाही.

बांधणी उत्तम होती. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि उरलेल्या भागात ऑक्सिजन, दुहेरी पिशवी, वर वर्तमानपत्राचे वेष्टन, आणि सगळे थर्माकोलच्या खोक्यात. आदल्या दिवसापासून मासे उपाशी ठेवले होते, म्हणजे प्रवासात पाणी कमी खराब होते. हेही त्यांनी न विचारता सांगितले. खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याला पोहोचेपर्यंत साडेतीन तास झाले, पण सहाही मासे हालचालीत होते. घरी आल्यावर पिशव्या पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि मासे जाळीने काढून घेतले. पिशवीतले पाणी फेकून दिले.

ते मासे थेट तळ्यात न सोडता दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवले, हे आमचे नशीब म्हणायचे. चौथ्या दिवशी एका कॉमेटच्या परापाशी हिरवट-पांढऱ्या दोऱ्यासारखे काहीतरी लोंबताना दिसले. तो अँकर वर्म होता. नावात किडा असला तरी हा कवचधारी वर्गातला परजीवी आहे, जो डोके माशाच्या मांसात रुतवून बसतो. दुकानात फोन केला तेव्हा "मीठ टाका, जाईल" असे उत्तर मिळाले. मिठाने तो गेला नाही. लिटरमागे 3 ग्रॅम खडे मीठ माशाचा ताण कमी करायला चांगले असते, परंतु रुतून बसलेला अँकर वर्म चिमट्यानेच काढावा लागतो, जखमेला जंतुनाशक लावावे लागते, आणि त्याची अंडी पुढे पाण्यात फुटत असल्यामुळे माशांवर काही आठवडे नजर ठेवावी लागते. आम्ही तसे केले आणि मासा वाचला. फोनवरील माणसाने खात्रीच्या सुरात चुकीचा उपाय सांगितला, ही माझी पहिली ठोस तक्रार. मीठ तळ्यातच टाकले असते, तर वनस्पतींचे काय झाले असते, हा प्रश्न त्याला पडला नाही.

वनस्पतींच्या बाबतीत मात्र हे दुकान सरळ सरळ कमी पडते. तेथे तीन गोष्टी घेतल्या: एक गुलाबी वॉटर लिली 300 रुपयांना, पाण्याखाली वाढणाऱ्या हॉर्नवर्टच्या चार जुड्या, आणि पाण्यावर तरंगणारी पिस्टियाची सहा रोपे. लिली एका सुबक कुंडीत लावलेली होती, पण कुंडीत माती जवळजवळ नव्हतीच. होता तो कोकोपीट. पायरीवर ठेवून अर्धा तास होत नाही तोच तो सगळा वर आला आणि संध्याकाळपर्यंत तळ्याला कोऱ्या चहाचा रंग चढला. लिलीला जड माती लागते. आपल्याकडची काळी माती, त्यावर वाळूचा आणि गोट्यांचा दोन इंचांचा थर, म्हणजे माती वर येत नाही आणि गोल्डफिशला कंद उकरता येत नाही. शेणखत घालायचेच तर पूर्ण कुजलेले, तेही तळाशी. उकरण्याची या माशांना भारी हौस असते. दिवसभर तोंडाने तळ चाळत राहणे हाच त्यांचा उद्योग आहे, आणि कुंडी विकणाऱ्याला हे ठाऊक असायला हवे होते. कंद नव्या कुंडीत बसवल्यावर आधी चार-पाच इंच पाण्याखाली ठेवला, पाने वर आली तशी कुंडी खाली सरकवली. एप्रिलअखेर पहिले फूल आले; रोज पाच-सहा तास ऊन मिळाले नसते, तर तेही आले नसते.

त्या लिलीच्या कुंडीवर 'कुमुदिनी' अशी चिठ्ठी होती. सातारकरांसाठी कुमुदिनी म्हणजे कासच्या पठारावरच्या तळ्यात पांढऱ्या, झालरीच्या पाकळ्यांनी फुलणारी वनस्पती. ती लिलीच्या कुळातली नव्हे. ओळखीच्या दोघातिघांनी "कासवरूनच आणा की चार रोपे" असा सल्लाही दिला. पश्चिम घाटातील जी स्थळे 2012 साली जागतिक वारसा ठरली, त्यांत कासचा समावेश आहे. तेथून घरच्या हौदासाठी रोप उपटून आणणे मला पटणारे नाही.

तरंगत्या वनस्पतींच्या टबात याच दुकानाने पिस्टियाच्या शेजारी जलपर्णी विकायला ठेवली होती, 30 रुपयांना एक. मुळा-मुठा आणि इंद्रायणी यांच्या पात्रांतून ती काढण्यासाठी दरवर्षी यंत्रे लावावी लागतात, हे पुण्यात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. तीच वनस्पती त्याच शहरात पैसे मोजून विकली जाते, याला काय म्हणावे? ती मी घेतली नाही. पिस्टियासुद्धा काही गुणाची सोवळी नाही. मे महिन्यात तिने पाहता पाहता अर्धे तळे व्यापले आणि दर आठवड्याला बादलीभर काढून खतात टाकावी लागली. शिवाय तिच्या मुळांच्या झुपक्यांत डासांच्या अळ्या लपतात. मोकळ्या पाण्यातल्या अळ्या गोल्डफिश आवडीने खातात, पण दाट मुळांत त्यांचे तोंड पोहोचत नाही. पावसाळ्यात डेंग्यूच्या पाहणीसाठी आलेल्या आरोग्य कर्मचारी ताईंनी बॅटरीच्या उजेडात नेमक्या याच झुपक्यांतून दोन अळ्या काढून दाखवल्या आणि आम्ही ओशाळलो. तेव्हापासून पिस्टिया एका कोपऱ्यात, तरंगत्या दोरीच्या कड्यात ठेवली आहे.

हॉर्नवर्टने मात्र पैसे वसूल केले. मार्चमध्ये पाणी वाटाण्याच्या सारासारखे हिरवे झाले होते. ऊन आणि नायट्रेट दोन्ही मुबलक असले की सूक्ष्म शेवाळ माजते. दुकानातून शेवाळनाशक औषधाची बाटली सुचवण्यात आली होती, ती न घेता हॉर्नवर्ट वाढू दिला, दाणे निम्मे केले आणि लिलीच्या पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकेपर्यंत वाट पाहिली. मेच्या मध्यापर्यंत तळाचे गोटे दिसू लागले. जुड्यांबरोबर गोगलगाईंची अंडी आली, ती वेगळी. वनस्पती आणल्यावर त्या पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून धुवाव्यात, एवढे दुकानाने सांगायला हरकत नव्हती.

दुकानाने विकलेला छोटा पंप चांगला निघाला. उन्हाळ्यात त्याचे मोल कळते: 20 अंश सेल्सिअस तापमानाला लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि रात्रभर वनस्पतीही तोच वापरत असल्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. वीज गेलेल्या एका पहाटे आम्ही दोघांनी तांब्याने पाणी उपसून उंचावरून ओतत तासभर काढला होता.

सहांपैकी आज पाच मासे आहेत. एक खंड्याने नेला, तो दुकानाच्या माथी मारता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ढोकरी काठावर येऊन ध्यानस्थ बसलेली दिसल्यावर वर नायलॉनची जाळी ताणली.

मालकांविषयी आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. मासे वाढले आणि जागा अपुरी पडली तर तुम्ही परत घेता का, असे मी गेल्या वर्षी विचारले होते, तेव्हा "जवळच्या तलावात सोडून द्या, पुण्य लागेल" असे ते म्हणाले. गोल्डफिश नैसर्गिक तलावात सोडणे हे पुण्य नव्हे. तळ उकरून तो पाणी गढूळ करतो, स्थानिक माशांची अंडी खातो आणि आपल्याबरोबरचे परजीवी तेथे पसरवतो. हे मी त्यांना तेथेच सांगितले. त्यांनी हसून विषय बदलला.

तरीही यंदा जानेवारीत मी त्याच दुकानात गेले आणि आणखी दोन शुबुंकिन आणले, कारण त्यांच्या टाक्या स्वच्छ असतात, मेलेला मासा टाकीत पडून राहिलेला मी तेथे कधी पाहिला नाही, आणि टाक्यांपाशी तोच तरुण अजून आहे. शनिवार-रविवारी तेथे गर्दी असते; आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेल्यास तो सवडीने बोलतो, मासा जाळीत धरून दोन्ही बाजूंनी दाखवतो. वनस्पती मात्र तेथून घेऊ नयेत. नंतरची पांढरी लिली मी साताऱ्याजवळच्या एका रोपवाटिकेतून, काळ्या मातीत लावलेली, 200 रुपयांना आणली.

गेल्या जुलैत, पहिल्या जोरदार पावसानंतर, हॉर्नवर्टमध्ये मोहरीच्या दाण्याहून लहान, पारदर्शक अंडी चिकटलेली दिसली. मोठे मासे ती खातात म्हणून दोन जुड्या टबात हलवल्या, आणि त्यांतून निघालेल्या पिल्लांपैकी चौदा वाचली. ती अजून मळकट तपकिरी आहेत. सोनेरी रंग चढायला कित्येक महिने लागतात आणि काहींना तो कधीच चढत नाही. एवढे मासे आमच्या तळ्यात मावणार नाहीत, म्हणून त्या तरुणाला फोन करून विचारले. मालकांना विचारून त्याने सांगितले की, रंग आला आणि दोन इंचांचे झाले की घेऊन या, आम्ही ठेवून घेऊ. भावाचे मात्र तो काही बोलला नाही.