किचनची वाकडी भिंत: नवं प्लास्टर की पुढे फ्रेम?

जुन्या फ्लॅटच्या किचनमधल्या टाइल्स उतरवल्या की भिंतीचं खरं रूप दिसतं. ओळंबा सोडल्यावर वर-खाली पाऊण इंचाचा फरक निघाला तर दचकू नका, हे नेहमीचंच. गवंडी म्हणतो, पुन्हा प्लास्टर करू. इंटिरियरवाला म्हणतो, भिंतीपुढे जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची फ्रेम मारून बोर्ड लावू, कटकट नको. दोघंही आपापल्या धंद्याचंच बोलतात.

आधी भिंत कशाची आहे ते बघा. नव्या टॉवरमधली मायवनची, म्हणजे अख्खी काँक्रीटची भिंत असेल तर तिला झिरी मारायचा, म्हणजे पाइप-वायरीसाठी चर खोदायचा विषयच नाही, ती इमारतीचा भार पेलते. तिथे नळ किंवा वायरिंग हलवायचं तर फ्रेमच.

विटेच्या भिंतीत झिरी चालते, पण हिशेबात. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. साडेचार इंची पार्टिशनला म्हणजे आडवी जेमतेम 19 मिमी. पाऊण इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप बाहेरून सुमारे 22 मिमी असतो, तो तिथे बसतच नाही. तरी प्लंबर ग्राइंडर लावून सिंकपासून प्युरिफायरपर्यंत सरळ आडवा चर मारून मोकळा होतो. त्याला पाइप ओट्याखालून न्यायला सांगा आणि वर फक्त उभा चढवा.

प्लास्टरचा खरा त्रास धूळ आणि थांबण्याचा. जुनं खरवडायचं, सांधे कोरायचे, आठवडाभर पाणी मारायचं. एक इंच भरायचं असेल तर दोन थरांत. पण एकदा झालं की टाइल कुठेही लावा, चिमणी कुठेही टांगा.

फ्रेमचं काम कोरडं आणि भराभर होतं, वायरिंगही मागून आरामात जातं. मात्र जागा खाते: 50 मिमीचा स्टड (फ्रेमची उभी पट्टी), 12 मिमीचा बोर्ड, वर टाइल आणि अ‍ॅडहेसिव्ह धरून जवळपास तीन इंच. सात फुटी किचनमध्ये दोन्हीकडे दोन-दोन फुटांचा ओटा असेल तर मधली वाट तीन फुटांची. दोन्ही भिंतींना फ्रेम मारली की अडीच फूट. तिथे एक जण पोळ्या लाटत असेल तर दुसऱ्याने फ्रिज उघडायचा कसा? फ्रेमच्या पत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे चॅनेल, क्लिपांनी भिंतीलगत बसवले तर जागा वाचते, पण मग पाइपाला जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. डाळ-तांदळाच्या डब्यांनी भरलेलं वॉल युनिट नुसत्या बोर्डावर टांगू नका. मागे प्लायची पट्टी घालून घ्या, नाहीतर अँकर थेट विटेत जाऊ द्या. सिंकजवळ जिप्सम टाळा, फायबर सिमेंटचा बोर्ड घ्या. लाकडी रिपांची फ्रेम स्वस्त म्हणून सुचवली तर वाळवी आठवा.

आणि ओल? फ्रेमने ती झाकली जाते, जात नाही. वरच्या मजल्यावरची गळती आधी काढा. मागच्या पोकळीत झुरळं होतात ते वेगळंच.

माझं मत विचाराल तर विटेची कोरडी भिंत इंचभर वाकडी असेल तर प्लास्टर, डोळे मिटून. फ्रेम ठरलीच तर बोर्ड चढण्याआधी प्रत्येक पाइप-वायरीला टेप धरून फोटो काढून ठेवा.