सागवानी पलंग एकदाच, का रेडीमेड दर सात-आठ वर्षांनी?

तुळशीचं लग्न झालं, कापसाचे पैसे हातात आले की आमच्याकडे विदर्भात हा विषय निघतेच. कोणाच्या पोरीचं आंदण असते, कोणी स्लॅबची खोली काढून राहिला, आणि मग विचारणं सुरू होते, भाऊ सुताराकडून सागवानी पलंग बनवून घेऊ का तालुक्यातून रेडीमेड बॉक्सवाला उचलू. साईज, गादी किती इंची वगैरे तुम्हाला माहीत आहेच, ते सोडून देतो. माझ्या मते पहिले हे ठरवा की तो पलंग किती वर्षं चालला म्हणजे तुमचे पैसे वसूल.

आमच्या घरी दोन्ही झाले. वडिलांच्या वेळचा सागवानी पलंग जुन्या कवेलूच्या खोलीत अजून आहे, आणि स्लॅबची खोली झाली तेव्हा त्यात रेडीमेड आणला होता. दिसायला रेडीमेडच भारी, हे मान्यच करावं लागते. डोक्याकडे गुबगुबीत कुशन, मोबाईल ठेवायला कप्पा, आणि खालचा बॉक्स तर बायामाणसांचा जीव की प्राण. वाकळी, ब्लँकेटं, पाहुण्यांच्या चादरी, सगळं आत. जुन्या पलंगाखाली आमच्याकडे कांदे आणि बियाण्याची थैली राहायची, तो फरक आहेच. किमतीचं म्हणाल तर आमच्या सुताराने सागवानाचा जो भाव सांगितला तो रेडीमेडच्या दुपटीवर गेला होता, लाकूड घनफुटावर मोजून वेगळं, मजुरी वेगळी, पॉलिश वेगळं.

आता माझं डोकं कशाने फिरलं ते सांगतो. स्क्रू. फक्त स्क्रू. आमच्याकडे दिवाळीच्या आधी घर रंगवायचं म्हणजे खोली पूर्ण रिकामी करा, आणि दरवाजा एवढासा की पलंग खोलल्याशिवाय बाहेर निघतच नाही. पहिल्या वेळी खोलला, बसवला, काही झालं नाही. दुसऱ्या वेळी दोन स्क्रू नुसते गरगर फिरायला लागले. त्याच्या पुढच्या वेळी फिटिंगवाल्याने भोकात आगपेटीच्या काड्या आणि फेविकॉल कोंबला, स्क्रू आवळला, म्हणाला झालं काम. रात्री कूस बदलली की कर्रर्र. बाजूच्या खोलीतून आई विचारते, काय झालं रे. लग्न झालेल्या माणसाची यात काय पंचाईत होते ते वेगळं सांगायला नको.

यात दुकानदाराचा दोष आहे असंही नाही, मालच तसा असते. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेली फळी, त्यात रेषाच नसते तर स्क्रूचा आटा धरणार कशाला? एकदा काढला की भोकातून भुसा येते, दुसऱ्यांदा पकड अर्धी. आणि त्यात आपला उन्हाळा. मार्चपासून पाऊस येईपर्यंत खिडकीत कूलर, त्याचे बारीक तुषार आणि रात्रभर ओली हवा सरळ पलंगाच्या कोपऱ्यावर. कडेची पट्टी सुटली, आतली फळी चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगली, मग बॉक्सचं झाकण बसेना. पुण्या-मुंबईकडे एसीच्या खोलीत कदाचित हाच पलंग पंधरा वर्षं जात असेल, मी नाही म्हणत नाही. आपल्याकडे सात-आठ वर्षं नीट गेला तर चांगलाच गेला म्हणायचं.

मधला रस्ता प्लायवुडचा आहे. घ्यायचाच असेल तर शिक्का पाहून घ्या. आयएस म्हणजे भारतीय मानकाचा नंबर. आयएस ३०३ च्या प्लायवर एमआर (ओल सोसणारा) किंवा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) असा ग्रेड लिहिलेला दिसते, एमआर थोडीफार ओल सहन करते, कूलरच्या खोलीत बीडब्ल्यूआरच बरा. आयएस ७१० म्हणजे मरीन, सतत पाण्यात राहणाऱ्या कामाचा प्लाय, पलंगाला तेवढं लागत नाही. प्लायमध्ये स्क्रू बोर्डापेक्षा कितीतरी चांगला धरते.

सागवानाचंही सगळं गोड नाही. सांध्यांत ढेकूण झाले की महिनाभर तीच कटकट, वजन इतकं की हलवायला चार माणसं बोलवा. आणि सागवान म्हणून काय देतील याचा भरोसा नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहून सागवान गेलं तेव्हापासून जो तो म्हणते, आपल्याकडे तेच लाकूड आहे! फळीच्या कडेला पांढरा पट्टा किती आहे ते पाहा. गाभ्याला तेल असते म्हणून वाळवी सहसा लागत नाही, त्या पांढऱ्या भागाला मात्र भुंगा लागून खाली भुगा पडते. कोवळ्या झाडाला पांढरं जास्त, गाभा कमी. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, स्वतःचं झाड असलं तरी वनविभागाची परवानगी काढल्याशिवाय तोडू नका, आणि डेपोतून लाकूड घेतलं तर पावती जपून ठेवा.

पण वडिलांचा तो पलंग मी स्वतः किती वेळा खोलला याचा हिशोब नाही. पाट्यांचे कुसू, म्हणजे टोकाच्या जिभा, खुरांच्या (पायांच्या) खाचेत बसवायच्या, नट-बोल्टाला पाना लावायचा, झालं. ढिला वाटला तर आणखी एक आटा कसायचा. एका खुराचा तळ पाण्याने काळा पडला होता, सुताराने तेवढाच कापून नवा तुकडा जोडला. रेडीमेडमध्ये एक फळी गेली की तशीच फळी दुकानात मिळत नाही, डिझाईनच बदललेलं असते.

गादीचं आयुष्य वेगळं, तिला पलंगासोबत मोजू नका. कापसाची असेल तर दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्या, फोमची मध्ये खोलगट झाली की बदला.

तुम्ही भाड्याच्या घरात असाल, नाहीतर दर काही वर्षांनी नवीन डिझाईन पाहिजेच असेल, तर रेडीमेड घ्या, वाईट काही नाही, बसवला की परत खोलू नका एवढंच. स्वतःचं घर असेल तर मी सुताराकडे जाईन, आणि आमचा रेडीमेड मोडीत निघाला तेव्हा मी तेच केलं. बॉक्स हवाच असेल तर सागवानी चौकट आणि खाली प्लायचा बॉक्स, असंही सुतार करून देते, आमच्याकडे आता तसाच आहे. फक्त लग्न वैशाखात असेल तर दिवाळी झाल्या झाल्या त्याला ॲडव्हान्स देऊन ठेवा, कारण माघानंतर तो फोनच उचलत नाही.