पहिली मोटारसायकल: स्प्लेंडर प्लस की क्लासिक ३५०?

पुण्यात नव्याने मोटारसायकल चालवू लागलेल्या माणसाचे मन बहुधा दोन टोकांमध्ये घुटमळते: हिरोची ९७.२ सीसीची स्प्लेंडर प्लस आणि रॉयल एनफिल्डची ३४९ सीसीची क्लासिक ३५०. माझ्या मते हा निर्णय ताकदीपेक्षा वजनावर घ्यावा. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, तर क्लासिक १९५ किलोची आहे. गाडी धावत असताना हा फरक फारसा जाणवत नाही, परंतु लक्ष्मी रस्त्याच्या कोंडीत पाय टेकवत पुढे सरकताना किंवा तुळशीबागेजवळ दाटीने लावलेल्या गाड्यांतून आपली गाडी मागे ओढून काढताना नवख्याची खरी परीक्षा होते. (क्लासिकचा भारदस्त आवाज तेव्हा कामाला येत नाही.)

ब्रेकच्या बाबतीत मात्र क्लासिक निर्विवाद सरस आहे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) बंधनकारक असल्याने, पहिल्या पावसात निसरड्या झालेल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक करकचून दाबला तरी तिचे चाक सहसा जाम होत नाही; स्प्लेंडरच्या साध्या ड्रम ब्रेकवर ही काळजी चालवणाऱ्यालाच घ्यावी लागते. कात्रजच्या चढावर दोघे बसल्यावर स्प्लेंडरला खालचा गिअर मागावा लागतो. पेट्रोलचा खर्च तिचाच कमी.

रोजचा प्रवास शहरातलाच असेल, तर मी पहिल्या वर्षासाठी वापरलेली स्प्लेंडर सुचवेन; ती एकदोनदा पडली, तरी एकट्याने उचलता येते.