निंजा १०००एसएक्स: मूळ काच आखूड आहे, तरीही बदलू नका

कावासाकीची निंजा १०००एसएक्स ही मोटारसायकल घेतल्यावर मी एक घाई केली. पुढची काच दिसायला आखूड वाटली, म्हणून बाहेरच्या एका विक्रेत्याकडून उंच टूरिंग काच मागवून बसवून टाकली. इंदूरहून मानपूरचा घाट उतरून धामनोद आणि पुढे खलघाट हा माझा नेहमीचा रस्ता आहे; त्यावर दोन्ही काचा पुरेशा वापरून झाल्यानंतर हे लिहीत आहे.

मूळ काच हाताने चार टप्प्यांत कमी-अधिक उभी करता येते. सर्वांत खालच्या टप्प्यावर खांद्यांवर वारा लागतो आणि हेल्मेटवरही लागतो, पण तो सलग असतो; ताशी १०० किलोमीटरला त्याचा आवाज मोठा असला तरी एकसुरी असतो आणि थोड्या वेळाने कान त्याला सरावतात. उंच काचेने छातीवरचा वारा खरोखरच अडवला, मात्र हेल्मेट असे गदगदा हलू लागले, की धामनोदला चहासाठी उतरेपर्यंत मान आखडून गेली.

कारण शोधण्यासाठी सौभाग्यवतींच्या विणकामाच्या टोपलीतून लोकर घेतली आणि चार-चार बोटांचे तुकडे चिकटपट्टीने काचेच्या दोन्ही बाजूंना लावले. (टोपलीला हात लावल्याचा जाब नंतर द्यावा लागला, तो भाग वेगळा.) बाहेरचे धागे काचेला चिकटून मागे वाहत होते; आतले मात्र उलटे, वरच्या कडेकडे उभे राहून थरथरत होते. काचेमागे हवेचा दाब कमी होतो, ती पोकळी भरायला मागची हवा पुढे ओढली जाते, आणि वरच्या कडेवरून सुटलेल्या वेगवान झोताशी तिची गाठ पडली की भोवरे उठतात. माझी उंची ५ फूट ९ इंच असल्यामुळे ते भोवरे नेमके भुवयांवर आदळत होते. फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) जोर देऊन जरासा उठलो, की हेल्मेट तत्क्षणी शांत होई. काही काचांच्या बुडाशी फट ठेवलेली असते, ती खालून हवा आत सोडून हीच पोकळी भरण्यासाठी. मी मागवलेल्या काचेला ती नव्हती.

वेग ८० वरून १२० वर नेला, की वाऱ्याचा रोध सव्वादोनपट होतो आणि तो कापायला लागणारी शक्ती तिपटीहूनही अधिक होते. बीएमडब्ल्यूने १९७६ च्या आर१००आरएस या मोटारसायकलचे फेअरिंग (वारा अडवणारे पुढचे आवरण) पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या वातबोगद्यात तपासून घडवले, ते उगाच नव्हे. तिथे ठरलेला आकार आपण पाना-पेचकस घेऊन अर्ध्या तासात बदलतो.

खलघाटच्या नर्मदा पुलावर आडवा वारा असला, की उंच काचेचा आणखी एक दोष कळतो: वाऱ्याचा रेटा वरच्या भागावर येतो आणि हँडल हलके पडते. मूळ काचेने तिथे मला कधी घाबरवले नाही. एरवी मी ती पहिल्या टप्प्यावर ठेवतो, पावसात तिसऱ्यावर.

माझे मेहुणे ५ फूट ४ इंचांचे आहेत. तीच उंच काच लावलेली गाडी त्यांनी राऊपासून मानपूरपर्यंत नेली आणि उतरल्यावर मलाच विचारले, की माझी नेमकी तक्रार तरी काय आहे.