वृक्षनेचा ओळखताना ठिपके पाहावेत की खवले?

अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातले वृक्षनेचे (झाडासारखे वाढणारे फर्न) फोटोत सगळे सारखेच दिसतात: सरळ खोड, वर पानांची छत्री. प्रजाती (इथे अर्थ जीनस, म्हणजे अनेक जातींचा गट) ठरवायची तर हातात भिंग हवं, आणि ते कुठे धरायचं हे आधी ठरवायला हवं.

देठाच्या बुडाशी खवले नसून नुसते केस असतील तर झाड डिक्सोनियाच्या किंवा त्याच्या जवळच्या कुळातलं, विषय संपला. खवले असले की सायथिएसी कुळ, आणि खरा गुंता तिथेच सुरू होतो.

जुनी पद्धत पानामागचे बीजाणूंचे ठिपके पाहण्याची. ठिपक्याखाली वाटीसारखं आवरण असलं तर सायथिया, अर्धं असलं तर हेमिटेलिया, नसलंच तर अल्सोफिला. यातली शेवटची दोन नावं वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये दिली. शिकायला सोपी, पण फसवी पद्धत. अर्धं आवरण बीजाणुधान्यांखाली (बीजाणूंच्या पिशव्यांखाली) दडतं आणि आपण बेधडक 'आवरण नाही' असं लिहून मोकळे होतो. त्याहून मोठी अडचण तीन जातींत दिसते: अर्बोरियाला वाटी, मल्टिफ्लोराला अर्धं आवरण, मायक्रोडोंटाला काहीच नाही. म्हणून एकेकाळी या तिघी तीन प्रजातींत विखुरल्या होत्या. आज तिघीही सायथियातच आहेत.

त्यांना एकत्र आणणारी खूण देठाच्या खवल्यांत सापडते. १९७० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रोला ट्रायॉन यांनी कुळाची मांडणी खवल्यांवर उभी केली. कडेपर्यंत पेशी एकसारख्या असतील तर स्फेरोप्टेरिस. कडेला वेगळ्या पेशींची किनार, पण टोकाला काटा नाही, तर सायथिया. किनार आहे आणि टोकाला काळपट ताठ काटाही, तर अल्सोफिला. ट्रायॉन यांच्या काही प्रजाती पुढे मोडीत निघाल्या, पण या तीन मुख्य फांद्यांना डीएनएच्या अभ्यासाने दुजोरा दिला. जुन्या याद्या वाचताना मात्र जपा: तिथला अल्सोफिला म्हणजे आजचा अल्सोफिला नव्हे.

खवल्यांची पद्धत कष्टाची आहे, हे खरं. जुन्या देठावरचे खवले झडून जातात आणि टोकाचा काटा तर बऱ्याचदा सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसतो. तरीही प्रजातीसाठी मी खवल्यांवरच विसंबेन. ठिपके बिनकामाचे नाहीत, जाती ठरवताना ते लागतातच. म्हणून रानात गेलात तर छत्रीच्या फोटोवर समाधान मानू नका. न उलगडलेल्या कोवळ्या पानाची गुंडाळी आणि देठाचं बूड जवळून टिपा. खवले तिथेच शाबूत असतात.