सुरामचा किल्ला की आशिक केरीब?

दिवाळीनंतर खळ्यात पडदा बांधून सर्गेई पाराजानोव दाखवायचं ठरलं, की निवड त्याच्या शेवटच्या दोन चित्रपटांपाशी अडते. 'सुरामच्या किल्ल्याची दंतकथा' (१९८५) आणि 'आशिक केरीब' (१९८८), दोन्ही लोककथेवरचे. जॉर्जियातल्या तिबिलिसीत जन्मलेल्या या आर्मेनियन दिग्दर्शकाला सोव्हिएत सरकारनं तुरुंगात डांबलं, कितीतरी वर्षं चित्रपट करू दिला नाही. त्यानंतरचं हे काम.

सुरामची कथा जॉर्जियाची. तट बांधावा आणि ढासळावा, पुन्हा बांधावा आणि पुन्हा ढासळावा; शेवटी झुराब नावाचा तरुण स्वतःला भिंतीत चिणून घेतो. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं आपण ऐकत आलो, तळ्याला पाणी लागावं म्हणून सून दिल्याच्या कहाण्याही ऐकल्या. त्यामुळे ही गोष्ट आपल्याकडे परकी वाटत नाही. मला सगळ्यात जास्त छळते ती वार्दो. प्रियकर दुर्मिशखान तिला सोडून जातो, दुसरीशी लग्न करतो. ती भविष्य सांगणारी होते, आणि बळी कोणाचा लागेल हे तिच्याच तोंडून येतं. झुराब त्याच दुर्मिशखानचा मुलगा. पण हे धागे पडद्यावर सुटे सुटे येतात. पहिल्यांदा बघणारा हमखास गोंधळतो.

आशिक केरीब त्या मानानं सरळ. गरीब गवई, श्रीमंताची मुलगी, बापाचा नकार, मग साझ हे तंतुवाद्य घेऊन देशोदेशीची भटकंती. रशियन कवी लेर्मोन्तोवनं लिहून ठेवलेली ही कथा. पांढऱ्या घोड्यावरचा संत त्याला वेळेत घरी पोचवतो आणि घोड्याच्या टापेखालच्या मातीनं आंधळ्या आईला दिसू लागतं. पात्रं अझरबैजानी बोलतात, वर जॉर्जियन निवेदन चालू असतं. शेजारच्या आजींना उपशीर्षकं वाचता येत नव्हती, तरी त्या शेवटपर्यंत बसल्या. रंगवलेले चेहरे, जडावाचे मुकुट, खोटा वाघ बघून म्हणाल्या, "ह्यो तर आपलो दशावतारच!"

कॅमेरा दोन्हींत फारसा हलत नाही, माणसं आपल्याकडे तोंड करून उभी राहतात. पिंगुळीचे ठाकर चित्रकथीत एक चित्र उभं धरतात, त्याची गोष्ट गातात, मग पुढचं घेतात. तसंच बघायचं. घाई केली तर दोन्ही निसटतील.

वाडीसाठी माझं मत आशिक केरीबला. लांबी सव्वा तासाच्या आसपास, त्यामुळे मुलंही टिकतात. तो रशियन दिग्दर्शक तार्कोव्स्कीला अर्पण केलेला आहे. शेवटी पांढरं कबूतर कॅमेऱ्यावर येऊन बसतं, तेव्हा पडदा लगेच सोडू नका. दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, पाराजानोव गेला. पुरा झालेला त्याचा हा शेवटचा चित्रपट.

एकट्यानं किंवा चार जाणकारांत बसणार असाल तर मात्र सुरामच घ्या. वाडीतही तोच दाखवायचा हट्ट असेल, तर आधी कोणीतरी पाच मिनिटं वार्दोची गोष्ट मालवणीत सांगा.