हात, भांडी, कपडे, फरशी: घरी केलेला साबण कुठे परवडतो, कुठे नाही

घरी पातळ साबण करून बाटल्या भरायचं ठरवलं असेल, तर कृती शोधण्याआधी घरचं पाणी तपासा. एका रिकाम्या बाटलीत निम्म्यापर्यंत नळाचं पाणी घ्या, त्यात अंघोळीच्या साबणाचा वालाएवढा तुकडा टाका, झाकण लावा आणि जोरात हलवत राहा. वर दाट फेस आला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं, तर पाणी मऊ आहे. फेस जेमतेम आला, पाणी दुधट झालं आणि वर दह्याच्या कवड्यांसारखे कण तरंगू लागले, तर पाणी जड आहे. पुढचे सगळे निर्णय या एका बाटलीवर ठरतात.

हे मला उशिरा कळलं. माझं माहेर चिपळूणजवळ. तिथे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी इतकं मऊ, की हातावरचा साबण धुऊन काढायलाच दोन तांबे लागतात. सासर पुण्याच्या कडेला. सहा महिने पालिकेचं पाणी, एप्रिल-मेमध्ये बोअर आणि टँकर. आईकडे सुरेख जमलेली कृती मी इथे मे महिन्यात केली, आणि स्टीलच्या ताटांवर पांढरट राप बसला. कृती तीच होती, वडीही त्याच पुड्यातली. फरक पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. खरा साबण या दोघांना भेटला की न विरघळणारा चिकट गाळ होतो. बाजारातल्या भांड्यांच्या लिक्विडमध्ये साबण नसून डिटर्जंट असतं आणि जड पाण्यात त्याचं एवढं बिघडत नाही. म्हणून ‘घरचं की विकतचं’ असा एकच प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. हाताला वेगळं उत्तर, भांड्यांना वेगळं.

हात धुण्याचा साबण

इथे घरचं परवडतं, आणि चांगलं परवडतं. पंपाच्या बाटलीत जे असतं त्यात बहुतांश पाणी असतं. पाऊच आणताना आपण ते पाणी विकत घेतो आणि उचलूनही आणतो. आमच्याकडे चौघांना साधारण महिनाभर पुरणारं ७५० मिलीचं पाऊच शंभराच्या आसपास पडतं. शंभर ग्रॅमची वडी चाळिशीच्या आत येते आणि तिचा लिटरभर दाट साबण होतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पातळ साबणाला ही सवलत मिळाली नाही, त्यामुळे दोघांमधलं अंतर आणखी वाढलं.

माझी कृती साधी आहे. वडी जाड किसणीवर किसायची. लिटरभर पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि मग कीस टाकून हलक्या हाताने ढवळायचं. जोरात घुसळलं तर नुसता फेस होतो. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पातेल्यात खरवसासारखं काही घट्ट झालेलं दिसलं तर घाबरू नका. वडीतला साबण सोडियमचा असतो आणि थंड झाला की तो थिजतो. रवीने मोडायचा, कपभर कोमट पाणी आणि दोन चमचे ग्लिसरीन घालायचं, गाळायचं. तरीही पंपातून ओढताना कधीकधी बुळबुळीत तार सुटते. ती पूर्ण जाईल असं मी कुणाला सांगणार नाही. विकतच्यासारखा एकसारखा, चमकदार साबण घरच्या वडीतून होत नाही. ज्यांच्या घरात यावरून कुरकुर होईल त्यांनी फेसाच्या पंपाची बाटली वापरावी. तिच्यात याच साबणात दुप्पट पाणी घालून भरता येतं. तार राहत नाही आणि लहान मुलं एका दाबात वाटीभर साबण काढतात ते थांबतं. माझी खरी बचत या पंपाने केली, वडीने त्याच्यामागून.

वडी कोणती घ्यायची? वेष्टनावर टीएफएमचा आकडा बघा. हे साबणातल्या स्निग्धाम्लांचं प्रमाण. भारतीय मानकात पहिल्या श्रेणीच्या ‘टॉयलेट सोप’ला ते किमान ७६ टक्के लागतं. ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वडीत ते बरंच कमी असू शकतं आणि तिचा साबण पाण्यासारखाच राहतो. न्हाणीघरात उरलेल्या चपट्या तुकड्यांचाही असाच साबण होतो. आई ते तुकडे काचेच्या बरणीत साठवते आणि बरणी भरली की एकदम पातेलं चढवते. तो साबण जवळजवळ फुकटच.

आता टिकण्याचं. विकतच्या बाटलीत जिवाणू वाढू न देणारे परिरक्षक असतात, घरच्या साबणात नसतात. मी एकदा तळाशी राहिलेल्या जुन्या साबणावरच नवा ओतला आणि उन्हाळ्यात बाटलीला आंबूस वास सुटला. रुग्णालयांसाठीच्या २००२ च्या सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही अर्धवट रिकाम्या साबणाच्या बाटलीत वरून भर घालू नका असं बजावलं आहे, कारण त्यात जिवाणू वाढतात. बाटली पूर्ण रिकामी करा, पंपासकट गरम पाण्याने धुवा, उपडी ठेवून खडखडीत वाळवा, मगच भरा. तीन-चार आठवड्यांत संपेल एवढाच साबण करा. घरात तान्हं बाळ असेल, कुणाचं ऑपरेशन झालं असेल किंवा हातावर जखम असेल, तर त्या काळात विकतचाच वापरा. इथे पैसे वाचवू नयेत.

आणि पंपाची गरजच नसेल, तर किसायचं तरी कशाला? जाळीच्या साबणदाणीत वाळलेली वडी याहून स्वस्त पडते आणि तिच्यामागे कागदाच्या वेष्टनाशिवाय फारसं काही उरत नाही. आमच्याकडे बेसिनपाशी पंप आहे, मोरीत वडी.

भांडी

इथे मी घरच्या साबणाच्या विरोधात आहे, आणि हे दोन वर्षांच्या खटपटीनंतर म्हणते आहे.

किसलेल्या वडीचा साबण भांड्यांना लावला तर मऊ पाण्यात एकवेळ चालून जातो. जड पाण्यात फोडणीचं तेल निघतं खरं, पण त्याच्या जागी साबणाचा राप बसतो. मग लोक त्यात लिंबू पिळायला सांगतात. मीही पिळलं, आणि सगळं पातेलं फाटलं. का ते समजून घेण्यासारखं आहे. साबण अल्कलीधर्मी असतो, त्याला आम्ल मिळालं की साबणाचं साबणपण जातं आणि तेलकट आम्लं वेगळी होऊन वर येतात. म्हणून साबणाच्या पाण्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालायला सांगणारी कृती कुणी कितीही प्रेमाने दिली तरी ती करू नका. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण वेगवेगळ्या. लिंबाची साल आणि मीठ तांब्या-पितळेला लावा, किटलीतला क्षार व्हिनेगरने काढा.

लिंबं उकडून, मीठ घालून मिक्सरला लावलेलं लिक्विड वासाला छान असतं. चहाच्या कपांवरचे डाग त्याने जातात. चकल्या तळलेली कढई मात्र निघत नाही, कारण तेल सोडवणारं त्यात काही नाही.

दुसरा पर्याय म्हणजे पाच-दहा लिटरचं लिक्विड करायचं किट. किट घेताना एकच गोष्ट बघा: त्यात अ‍ॅसिड स्लरी (डिटर्जंटचा तीव्र आम्लाचा कच्चा माल) आणि कॉस्टिक सोडा वेगवेगळे दिले आहेत का? असतील तर घेऊ नका. ते एकमेकांत मिसळताना उष्णता निघते, दोन्ही कातडी भाजतात, आणि स्वयंपाकघर ही त्याची जागा नाही. नुसत्या एसएलईएस पेस्टचं, म्हणजे तेल सोडवणाऱ्या तयार डिटर्जंटचं, किट त्या मानाने निर्धोक. पेस्ट पाण्यात टाकून रात्रभर मुरू द्यायची. घाईने थोडंथोडं पाणी पेस्टवर ओतलं तर गोळे होतात ते दुपारपर्यंत मोडत नाहीत. दाटपणा मिठाने येतो, पण हात राखून. मीठ ठरावीक मापापलीकडे गेलं की तेच लिक्विड पुन्हा पातळ होतं आणि मग कितीही मीठ घातलं तरी दाट होत नाही.

हे सगळं करूनही माझा हिशेब पाच लिटरच्या तयार कॅनच्या आसपासच आला. म्हणून भांड्यांसाठी मी कॅन आणते. तो जुन्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरते आणि वापरताना वाटीभर पाण्यात चमचाभर घालून काथ्या त्यात बुडवते. थेट घासणीवर ओतलं की निम्मं लिक्विड नुसतंच वाहून जातं. भांड्यांची वडी वापरणाऱ्यांनी वडीच वापरावी. ती अजूनही स्वस्त आहे, फक्त डबीत पाणी साचू देऊ नका.

कपडे

रोजच्या कपड्यांचा घरगुती पर्याय मला मिळाला नाही. किसलेल्या साबणाचं पाणी मशीनला नको, जड पाण्यात त्याचा गाळ कपड्यांत आणि ड्रममध्ये बसतो. रिठा मात्र वेगळा. त्यातलं फेस करणारं द्रव्य, सॅपोनिन, म्हणजे साबण नव्हे, त्यामुळे बोअरच्या पाण्यातही त्याचा गाळ होत नाही. शंभर ग्रॅम बिया काढलेला रिठा दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी वीस मिनिटं उकळायचा, थंड झाल्यावर कुस्करून गाळायचा. रेशमाला अल्कली मानवत नाही, म्हणून घरी धुण्याजोगी रेशमी साडी, लोकरीचा स्वेटर, आजीची शाल यांना रिठ्यासारखं दुसरं काही नाही. सोन्या-चांदीचे दागिनेही त्यातच धुवा. पण ऑफिसच्या शर्टाची कॉलर त्याने निघत नाही आणि पांढऱ्या कपड्यांवर पिवळट झाक येते. डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. बाहेर ठेवलेलं पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये आठवडाभर जातं. तेव्हा साड्या धुवायच्या असतील त्या दिवशीच करा.

फरशी आणि न्हाणीघर

मोसंबी-लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम, म्हणजे साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं पाणी, इथे उपयोगी पडतं. प्रमाण सोपं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. काचेची बरणी नको, प्लास्टिकची घ्या आणि वर जागा मोकळी ठेवा, कारण वायू तयार होतो. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून पुन्हा लावायचं. तीन महिन्यांनी गाळलं की आंबटगोड वासाचं पाणी मिळतं. अर्ध्या बादलीला दोन झाकणं पुरतात. साली फुकट, गूळ शंभर ग्रॅम. पैशांत याच्याशी फिनेल बरोबरी करू शकत नाही. वेळेचं मात्र उलट आहे. आज सुरू केलं तर फरशी तीन महिन्यांनी पुसायची.

हे पाणी आम्ल आहे, आणि जुन्या घरांत राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. आम्लाने त्यांची झिलई जाते आणि ती परत येत नाही. सिरॅमिक आणि विट्रिफाइड टाइल्सना ते चालतं, नळावरचे क्षाराचे डागही मऊ पडतात. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या पाण्यात मात्र ते कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. जंतुनाशक म्हणूनही बायोएन्झाइमवर विसंबू नका. घरात जुलाब-उलट्यांचा आजार असेल तेव्हा संडासाला विकतचं जंतुनाशकच वापरा.

तळणीच्या उरलेल्या तेलापासून कॉस्टिक सोड्याने साबण करण्याबद्दल मला बऱ्याच जणी विचारतात. तो होतो, पण तो छंद आहे, रिफिलची सोय नाही. तेलाच्या प्रकाराप्रमाणे कॉस्टिक ग्रॅमवर मोजावं लागतं. चष्मा-हातमोजे लागतात. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, कारण कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन निघतो. थंड पद्धतीने केलेल्या वड्या चार-सहा आठवडे मुरवाव्या लागतात. आणि शेवटी जे तयार होतं तोही खरा साबणच, म्हणजे जड पाण्यात पुन्हा तोच गाळ.

कचरा

पाऊच बाटलीपेक्षा कमी प्लास्टिकचं असतं, हे खरं. पण बऱ्याच पाऊचमध्ये वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं अवघड, म्हणून आमचा भंगारवाला ते हातातही घेत नाही. पाच लिटरचा जाड पांढरा कॅन तो वजनावर घेतो. तळाला त्रिकोणात २ हा आकडा असेल तर तो एचडीपीई या प्लास्टिकचा, त्याला गिऱ्हाईक असतं. वडीचं कागदी वेष्टन याहून बरं. बायोएन्झाइमला तर नवं काहीच आणावं लागत नाही आणि उरलेला चोथा कुंडीत जातो.

सायकलवरून सुटं फिनेल आणि लिक्विड विकायला येतात त्यांच्याकडून घेणंही कचऱ्याच्या दृष्टीने चांगलं, पण आपली बाटली द्या, आणि ती पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची नको. घरचा साबणही तसल्या बाटलीत भरू नका. रंगीत पाणी दिसलं की मुलं तोंडाला लावतात. जुन्या हँडवॉशच्या बाटलीवर चिकटपट्टी लावा आणि मार्करने आत काय आहे ते आणि भरल्याची तारीख लिहा.

आमच्या मजल्यावर आता चार घरं मिळून भांड्यांच्या लिक्विडचा एक कॅन आणतात. तो जिन्यापाशी सगळ्यात वरच्या फळीवर असतो, शेजारी मापाचं भांडं आणि वही. ज्याला हवं तो आपली रिकामी, वाळलेली बाटली घेऊन येतो.